शून्याच्या डावीकडे

सोमवार, ३

कामात मोठी तक्रार आली की मी नवी वही काढतो. काय करून पाहिलं, काय चुकलं, ते रोज लिहितो. मधेमधे घरचंही येतं. ही वही कुणी वाचत नाही.

तक्रार अशी. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या औषधांच्या काउंटरवर आमचा प्रोग्रॅम चालतो. फार्मासिस्ट औषधाच्या नावावर क्लिक करतात, तेव्हा त्या ओळीला लागून एक लहान पॉपअप उघडतो. त्या रुग्णाबद्दलच्या सूचना त्यात असतात. गेल्या शुक्रवारी तो त्यांच्या स्क्रीनवर उघडलाच नाही. बाहेर रांगेतल्या लोकांसाठी टोकन नंबर दाखवणारी मोठी स्क्रीन टांगली आहे, तिच्यावर उघडला.

सकाळपासून तसं होत होतं. 'जेवणानंतर घ्यावी' वगैरे दिसत होतं, लोकांना ती सोयच वाटली. एका गृहस्थांच्या टोकनाखाली 'फार प्रश्न विचारतात' असं आलं. त्यांनी त्यावरही प्रश्न विचारला. मग हे आलं:

टोकन ४७. रुग्णास आजाराची कल्पना दिलेली नाही. समोर उल्लेख टाळावा.

सत्तेचाळीस नंबरच्या आजी समोरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी वाचलं.

तक्रार त्यांच्या मुलाची आहे. मॅनेजरबाईंनी ती माझ्याकडे पाठवली आणि वर एक ओळ लिहिली: "हा तुमचाच भाग ना?" माझाच. पॉपअप कुठे उघडायचा हे ठरवणारा कोड चौदा वर्षांपूर्वी मी लिहिला आहे.

मुलाचा राग बरोबर आहे. घरचे लोक काही विचार करूनच ठरवतात.

मंगळवार, ४

ऑफिसात दिवसभर तसं करून पाहिलं. माझ्या टेबलावर दोन स्क्रीन आहेत. पॉपअप प्रत्येक वेळी औषधाच्या ओळीखालीच उघडला, मुकाट.

पॉपअपला स्वतःची जागा नसते. तो कुणाच्या तरी संदर्भाने उघडतो: या रकान्याच्या खाली, त्या बटणाच्या शेजारी. म्हणून आधी रकान्याला विचारायचं, तू कुठे आहेस? तो प्रोग्रॅमच्या खिडकीतली, म्हणजे विंडोतली, आपली जागा सांगतो. खिडकी पडद्यावर कुठे आहे ते वेगळं. दोन्हींची बेरीज केली की खरी जागा कळते. मग खाली जागा आहे का ते बघायचं, नसेल तर वर उघडायचा. ज्या ओळीसाठी उघडला ती ओळ झाकली जाता कामा नये, हा पहिला नियम.

बेरजेतच काही गफलत असावी, असं वाटतं.

आमच्या टेस्टरबाईंना सगळे शंकासुर म्हणतात. त्यांना ते आवडतं. म्हणाल्या, "तुम्ही तिकडे जाऊन बघितलंत?"

"फोनवर सगळं सांगितलंय त्यांनी."

"फोनवर माझी सासूपण ठणठणीत असते."

शनिवारी ताईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, तेही लिहून ठेवतो. डोळ्यांत थेंब घालून तिला बाहेर बसवलं होतं. डॉक्टरांनी मला आत घेतलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध खालून पाणी झिरपतं आहे. मधलं दिसणं जाईल, कडेचं राहील. इंजेक्शनं द्यायची, म्हणजे आहे ते बरंचसं टिकतं. दोन आठवड्यांच्या आत आणा, म्हणाले. मी म्हटलं, मी सांगतो तिला. फॉर्म मीच भरला होता, फोन नंबरही माझाच आहे.

रिक्षात तिने विचारलं, "काय म्हणाला?"

मी म्हटलं, "रिपोर्ट यायचाय."

रिपोर्टचं पाकीट माझ्या ऑफिसच्या बॅगेत आहे.

गुरुवार, ६

ताई घड्याळं दुरुस्त करते. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. वडील गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी दहा. लोक म्हणाले, पोरीचं काम नाही. तिने भिंग डोळ्याला लावलं ते आजतागायत.

येत्या एकवीस तारखेला नगरपालिकेच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाची देखभाल पाच वर्षांसाठी तिच्याकडे येते आहे. वडिलांकडे ते काम होतं. त्यांच्या मागे काढून घेतलं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या रस्त्याने गेलो की ती मनगटावरचं घड्याळ बघते, मग मनोऱ्यावरचं, आणि म्हणते, "चार मिनिटं मागे." आता खुशीत आहे. कराराची सही होऊ दे, मग सांगू. चार दिवस इकडचे तिकडे.

आज कोडमध्ये एक दुरुस्ती करून पाठवली. पॉपअपची जागा मुख्य स्क्रीनच्या बाहेर जात असेल तर तो मुख्य स्क्रीनच्या मधोमध उघडायचा. कारण सापडलेलं नाही, पण निदान हरवणार नाही.

शुक्रवार, ७

काउंटरवरच्या फार्मासिस्टबाईंचा फोन.

"तुमची दुरुस्ती आली."

"मग?"

"आधी बाहेरच्या पाटीवर कोपऱ्यात यायचं. आता मधोमध येतं. जास्त छान दिसतं."

त्यांनी बाहेरची स्क्रीन पुन्हा बंद करून टाकली. टोकन नंबर ओरडून सांगताहेत. घसा बसला होता.

मॅनेजरबाईंनी मेलवर विचारलं की हे काम दुसऱ्या कुणाकडे देऊ का. मी लिहिलं, नको.

रविवार, ९

ताई दुपारी वैतागली होती. एका मनगटी घड्याळातला लहान स्क्रू तिला सापडेना. समोरच होता. तिने मान तिरकी केली, मग सापडला.

"भिंगच खराब झालंय. मधोमध डाग पडलाय बघ."

मी भिंग घेऊन उजेडात धरलं. स्वच्छ होतं.

"आहे जरासा," मी म्हटलं. "नवं आणतो."

संध्याकाळी आणलं. तिने लावून बघितलं. "हेही तसलंच. हल्ली काही धड मिळत नाही."

सोमवार, १०

काही नाही. सगळा दिवस बेरीज तपासली. बेरीज बरोबर आहे.

मंगळवार, ११

शेवटी रुग्णालयात गेलो.

काउंटरच्या आत तीन माणसं मावत नाहीत. फार्मासिस्टबाई पन्नाशीच्या आहेत, उभ्यानेच काम करतात. मला एका खोक्यावर बसवलं. त्यांच्यासमोर लहान स्क्रीन. तिच्या उजवीकडे, काचेच्या वर, बाहेर तोंड केलेली मोठी. मी विचारलं, ही नेहमी इथेच असते?

"आधी पलीकडे होती. त्या शुक्रवारी सकाळी इलेक्ट्रिशियनने इकडे टांगली. नवी आहे. त्याने तिचीच वायर पहिली लावली. म्हणाला, मोठी ती मुख्य."

तेव्हा उलगडलं. कॉम्प्युटर पडद्यावरची जागा मुख्य स्क्रीनच्या डाव्या कडेपासून मोजतो. ती कड म्हणजे शून्य. आता मुख्य स्क्रीन ही बाहेरची. बाईंची स्क्रीन तिच्या डावीकडे, म्हणजे तिथली प्रत्येक जागा उणे. उणे नऊशे, उणे बाराशे. माझी बेरीज बरोबरच होती, उत्तर उणे येत होतं. आणि उणे उत्तर आलं की त्याचं शून्य करणारी एक ओळ मी लिहून ठेवली होती. पॉपअप बाईंच्या स्क्रीनवरून सरकून बाहेरच्या स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात जात होता. सगळ्या रांगेसमोर.

लॅपटॉप तिथेच उघडला आणि ती ओळ शोधली. वर माझ्याच हातची टीप होती: शून्याच्या डावीकडे काही नसतं.

त्या वेळी माझ्याकडे एकच स्क्रीन होती.

बाई म्हणाल्या, "सापडलं का? चेहऱ्यावरून सापडल्यासारखं वाटतंय. किंवा काही हरवल्यासारखं."

निघताना त्यांनी बाहेरच्या बाकाकडे मान हलवली. काळी शाल घेतलेल्या एक आजी बसल्या होत्या. हातात टोकन नाही. समोरच्या बंद स्क्रीनकडे बघत होत्या.

"सत्तेचाळीस नंबर. महिनाभराचं औषध नेलंय. तरी रोज सकाळी येतात, अकराला जातात."

"कशाला?"

"मला काय विचारता? त्यांना विचारा."

मला उशीर होत होता.

गुरुवार, १३

नवा कोड लिहिला. ती ओळ काढून टाकली. आता पॉपअप उघडण्याआधी रकान्याला दोन प्रश्न विचारले जातात: तू कुठे आहेस, आणि कोणत्या स्क्रीनवर आहेस? मग फक्त त्याच स्क्रीनच्या कडा बघायच्या. मुख्य कोण, याच्याशी देणंघेणं नाही. ज्याच्यासाठी उघडायचा त्यालाच विचारायचं. इतकं साधं आहे की लाज वाटली.

शंकासुरांनी स्क्रीन डावीकडे ठेवून बघितली. मग वर ठेवली, पुस्तकांच्या चळतीवर. मग आडवीची उभी केली. मग खिडकी दोन स्क्रीनच्या मधे अर्धी-अर्धी ठेवली.

"असं कोण ठेवतं?" मी म्हटलं.

"शून्याच्या डावीकडे कोण ठेवतं?" त्या म्हणाल्या.

ती टीप सगळ्या ऑफिसने वाचली आहे. कुणीतरी ती छापून चहाच्या मशीनवर लावली आहे, मशीनच्या डाव्या बाजूला.

डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला होता. पेशंटला कधी आणता? म्हटलं, पुढच्या आठवड्यात. त्या बाई म्हणाल्या, डॉक्टरांनी विचारायला सांगितलंय. म्हटलं, हो, लक्षात आहे.

रविवार, १६

ताईने ही वही टेबलावर पाहिली. उघडी होती, पण तिने वाचली नाही. ती दुसऱ्याचं वाचत नाही. नुसती नजर टाकून म्हणाली, "कसला कागद घेतलास रे ठोंब्या? रेघा वाकड्या छापल्यात."

मी वहीकडे बघितलं. रेघा सरळ आहेत.

"बदलून आणतो," मी म्हटलं.

नंतर तिने कढीचं पातेलं उतरवताना ओट्याच्या कडेवर ठेवलं, अर्धं बाहेर. मी आत सरकवलं. ती म्हणाली, "आजकाल तू फार मागेमागे असतोस."

काल दोन आठवडे झाले. शुक्रवारी सही आहे. शनिवारी सकाळी सांगेन. शनिवारी दवाखाना उघडा असतो.

सोमवार, १७

दुरुस्ती बसवायला स्वतः गेलो. बाईंनी बाहेरची स्क्रीन सुरू केली. टोकन नंबर आले. त्यांनी एका औषधावर क्लिक केलं. पॉपअप त्यांच्या स्क्रीनवर, ओळीच्या खाली, ओळ न झाकता उघडला. मी बाहेर जाऊन बघितलं. मोठ्या स्क्रीनवर नंबर, दुसरं काही नाही. वीस क्लिक झाले. बाई म्हणाल्या, "घसा वाचवलात. उशिरा का होईना."

काळ्या शालीतल्या आजी बाकावर होत्या. मी स्क्रीनखाली उभा राहून वर बघत होतो, म्हणून त्यांनी मला हाक मारली.

"तुम्ही पाटीवाले का?"

"हो."

"माझं परत येणार नाही का त्याच्यावर?"

"नाही आजी. ते चुकून आलं होतं. आता येणार नाही."

"चुकून का असेना. अर्धंच आलं हो. कल्पना दिलेली नाही म्हणे. कशाची, ते पुढे येईल म्हणून बसते."

मी म्हटलं, "मुलाला विचारा."

"विचारलं. म्हणतो, काही नाही, पित्त आहे. आणि तोंड असं करतो की मलाच त्याची समजूत घालावी लागते." त्या हसल्या. "घरात सगळे हळू बोलायला लागलेत. नातू जिना चढताना बूट काढून हातात घेतो. मला मेलीला वाटतं, माझंच कोणी गेलं की काय आणि मला सांगितलं नाही."

मी बाकाच्या कडेला टेकलो.

"मला माझ्या बहिणीकडे जायचं होतं. दोन दिवसांचा प्रवास आहे. आता जाऊ की नंतर, हे कशावरून ठरवू? तुम्हाला वाचता येतं का तिकडून?"

"मला अधिकार नाही, आजी."

"मग कुणाला आहे?"

फार्मासिस्टबाई काचेमागून ऐकत होत्या. टोकनच्या एका कोऱ्या चिठ्ठीवर त्यांनी काहीतरी लिहिलं आणि खिडकीतून हात बाहेर काढला.

"आजी, इकडे या. हा तुमच्या डॉक्टरांच्या खोलीचा नंबर. उद्या दहाला एकट्या या. त्यांना म्हणा, माझं मला सांगा. सांगावंच लागतं त्यांना. मी आहे इथे."

आजींनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी केली, कमरेला खोचली. मग स्क्रीनकडे न बघता निघाल्या.

ऑफिसात फोन करून सांगितलं की काम झालं. मॅनेजरबाई म्हणाल्या, छान. घरी चालत आलो. बराच वेळ लागला.

बुधवार, १९

मुलाने दुसरी तक्रार केली आहे, या वेळी फार्मासिस्टबाईंची. आईला परस्पर डॉक्टरकडे पाठवलं म्हणून. मॅनेजरबाईंनी मला विचारलं, तुम्ही तिथे होतात, काय झालं? मी जे झालं ते लिहून दिलं. शेवटी एक वाक्य लिहिलं, की बाईंनी केलं ते योग्य होतं. मग या वहीची पहिली पानं उलटली. तिथे मुलाचा राग बरोबर आहे असं लिहिलेलं आहे. खोडलं नाही.

गुरुवार, २०

आज रजा घेतली.

ताई सकाळी लवकर दुकानात बसली होती. एका बायकी घड्याळाचं मागचं झाकण उघडून, भिंग लावून, मान तिरकी. पाकीट बॅगेतून काढलं. तिच्यासमोर ठेवलं नाही, तिथे घड्याळ होतं. उजव्या हाताला ठेवलं, भागांच्या वाटीशेजारी.

"काय आहे?"

"तुझा रिपोर्ट."

"आला?"

"एक तारखेलाच आला होता. मी लपवला."

तिने भिंग काढलं. दुकानात सतरा घड्याळं चालू असतात. ती सगळी ऐकू येत होती.

"वाच."

मी वाचलं. मधोमध, झिरपणं, इंजेक्शन, दोन आठवडे. काही झाकलं नाही. आत एक चौकड्यांचा कागद होता, मध्ये ठिपका असलेला. तो रोज एकेका डोळ्याने बघायचा, रेघा वाकड्या दिसल्या तर कळवायचं. तिने तो हातात घेतला आणि एक डोळा झाकून बघितला. मग दुसरा.

"वहीच्या रेघा सरळ होत्या," ती म्हणाली.

"हो."

"किती दिवस झाले?"

"एकोणीस."

"तू मला भिंग आणून दिलंस."

"हो."

"मी त्या दुकानदाराला जाऊन भांडून आले रे. हरामखोर म्हटलं त्याला."

ती उठली. उघडं घड्याळ तिने काचेच्या घुमटाखाली ठेवलं, चिमटे ओळीने लावले. वेळ घेतला. मग म्हणाली, "मनोऱ्याच्या सहीसाठी थांबला होतास?"

"हो. तू खुशीत होतीस."

"पाच वर्षांची सही मी डोळे बंद करून करायची, म्हणजे माझी खुशी राहील. असं ना?" आवाज चढला नव्हता. "दहा वर्षांचा होतास, तेव्हा बाबा गेल्याचं तुला मी सांगितलं. त्याच दिवशी. शाळेतून आलास, हातपाय धुतलेस, आणि सांगितलं. विसरलास?"

विसरलो नव्हतो. पाणी गार होतं, तेही आठवतं.

"चपला घाल," ती म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे म्हटलं होतं. ताई म्हणाली, "मला आज कळलं." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तिने बघितलं नाही. पुन्हा तपासलं. डाग थोडा पसरला आहे. किती परत येईल सांगता येत नाही, म्हणाले, आणि हे तिलाच सांगितलं, तिच्यासमोर खुर्ची ओढून. इंजेक्शन आजच दिलं. मी बाहेर बसलो होतो.

पुढची तारीख घ्यायला काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीने विचारलं, "फोन नंबर हाच ना?" आणि माझा नंबर वाचायला लागली.

"तो नाही," ताई म्हणाली. "लिहून घ्या." आणि एकेक आकडा सावकाश सांगितला.

शुक्रवार, २१

ताई नगरपालिकेत गेली, एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून. मला बरोबर घेतलं, पण जिन्याशी थांब म्हणाली. अर्ध्या तासाने आली.

"पाचाचं एक वर्ष करून घेतलं. कारण सांगितलं त्यांना. वर्षाने बघू."

"जमेल?"

"मनगटी घड्याळं कमी करीन. ते वरचं मोठं आहे. काटा माझ्याएवढा. कडेकडेने बघितलं तरी दिसेल."

परतीच्या वाटेवर माझ्या पुढे चालत होती. चौकात थांबली, मनगटाकडे बघितलं, मग मान तिरकी करून वर. म्हणाली, "पाच मिनिटं."

सोमवार, २४

चहाच्या मशीनवरचा कागद मी काढला नाही. कोडमध्ये जुन्या टिपेच्या जागी नवी काही लिहिली नाही.

फार्मासिस्टबाईंना ताकीद मिळाली. त्यांनी फोनवर सांगितलं आणि म्हणाल्या, पॉपअप व्यवस्थित आहे. आजी पुन्हा बाकावर आल्या नाहीत. बहिणीकडे गेल्या, जाताना सांगून गेल्या.

ताई घरात गरजेपुरतं बोलते आहे. चौकड्यांचा कागद तिने दुकानात टेबलासमोर लावला आहे. सकाळी एक डोळा झाकून बघते, मग दुसरा, आणि खाली पेन्सिलीने काहीतरी लिहिते. मी लांबून बघतो. वाचत नाही.

आज ऑफिसला निघत होतो तेव्हा दवाखान्याचा फोन आला. माझ्या खिशात नाही, दुकानात वाजला. ती पाठमोरी उभी राहून ऐकत होती. हं, म्हणाली. मग, बरं. मी दारात थांबलो. आत गेलो नाही.

तिने फोन ठेवला आणि न वळताच म्हणाली, "ठोंब्या, चहा टाक."

मी बूट काढले. चहा केला, दोन कप भरून नेले. तिने मान जराशी तिरकी करून आपला कप उचलला, एक घोट घेतला, आणि सांगायला लागली.